रुग्णवाहिकेतला जुना रेडिओ हॅमच्या टेबलावर कसा येतो?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा पाठवल्या. विषय होता वॉकीटॉकी. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही, याचा पत्ता लागू न देता ते विकायला मांडले जात होते. पाठोपाठ अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आली. त्यानंतर या विषयात रस असलेल्या तरुण मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतले हौशी रेडिओवाले रुग्णवाहिकांतून निवृत्त झालेले रेडिओ संच विकत घेतात, उघडतात, त्यात बदल करतात आणि राजरोस त्यावर बोलतात. त्यांना ते चालतं, मग आपल्याला साध्या वॉकीटॉकीसाठी एवढे नियम कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण तिथेही ते सगळ्यांना चालत नाही, आणि ज्यांना चालतं त्यांनीही त्यासाठी बरंच काही केलेलं असतं. ते काय, हे समजायला आधी त्या संचाच्या पोटात शिरावं लागेल.

आधी दोन शब्द

रेडिओलहर एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते ती तिची फ्रिक्वेन्सी. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ, हजार म्हणजे एक किलोहर्ट्झ, दहा लाख म्हणजे एक मेगाहर्ट्झ. या लेखातले बहुतेक आकडे मेगाहर्ट्झमधले आहेत, त्यामुळे पुढे नुसता आकडा आला तरी तोच अर्थ घ्यावा.

दुसरा शब्द हॅम. सरकारी परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचं सांकेतिक नाव घेऊन, धंद्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी आणि संपर्कासाठी रेडिओ चालवणारा माणूस म्हणजे हॅम. बहुतेक देशांत हॅमसाठी फ्रिक्वेन्सींचे काही ठरावीक पट्टे राखून ठेवलेले असतात. त्या पट्ट्यांत त्याला एक मुभा असते जी पोलिसांना, टॅक्सीवाल्यांना, रुग्णालयांनाही नसते: संच स्वतः बांधायची आणि बदलायची. बाकीच्यांनी प्रमाणित संच जसाच्या तसा वापरायचा असतो. हॅमने परीक्षेत सर्किट, लहरी आणि नियम यांचं ज्ञान दाखवलेलं असतं, म्हणून त्याच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिलेला असतो.

रुग्णवाहिकेला रेडिओ का लागला?

१९६६ मध्ये बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधले डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णाकडे थेट डॉक्टर आणि विजेचा झटका देणारं यंत्र घेऊन जाणारी रुग्णवाहिका सुरू केली. त्यांचं पहिलं यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन सुमारे ७० किलो होतं. रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबायचं नाही, ही कल्पना तिथून जगभर गेली.

अमेरिकेत मात्र अडचण वेगळी होती. प्रत्येक गाडीत डॉक्टर बसवणं शक्य नव्हतं. अग्निशमन दलाच्या जवानांना शिकवून तयार करता येत होतं, पण डॉक्टरच्या आदेशाशिवाय औषध टोचण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मायामीत डॉ. यूजीन नेगल यांनी १९६७ च्या सुमारास रस्त्यावरच्या रुग्णाचा ईसीजी रेडिओवरून रुग्णालयात पाठवून दाखवला. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये वेडवर्थ-टाउनसेंड कायदा झाला, आणि पॅरामेडिकला, म्हणजे अशा शिकवून तयार केलेल्या जवानाला, दूर बसलेल्या डॉक्टरच्या सूचनेवरून उपचार करता येऊ लागले. त्या क्षणापासून रेडिओ हा उपचाराचाच भाग झाला. रेडिओ बंद, तर डॉक्टरचा आदेश बंद, तर इंजेक्शनही बंद.

१९७३ मध्ये अमेरिकी संसदेने आपत्कालीन वैद्यकीय सेवांसाठी कायदा करून राज्यांना पैसा दिला. संपर्कयंत्रणा हा त्यातला एक आवश्यक घटक होता. १९७४ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, या कामासाठी वेगळ्या वाहिन्या नेमून दिल्या. त्यांना ‘मेड’ वाहिन्या म्हणतात. मेड १ वर रुग्णालय ४६३.००० वर बोलतं आणि रुग्णवाहिका ४६८.००० वर उत्तर देते. तिथून ०.०२५ च्या पायऱ्या चढत मेड ८ म्हणजे ४६३.१७५ आणि ४६८.१७५. जोडीतल्या दोन आकड्यांमधलं अंतर नेहमी ५ मेगाहर्ट्झ. हे ५ लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहेत.

या कामासाठी खास संच बनले. बायोकॉम कंपनीची बायोफोन नावाची भडक नारिंगी पेटी त्यातली सर्वांत ओळखीची. मोटोरोलाने ॲपकॉर आणला. त्याच्या लांबलचक पूर्ण नावाचा अर्थ हृदयावर नजर ठेवणारा सुवाह्य रेडिओ. पॅरामेडिक ही पेटी हातात घेऊन जिने चढायचे आणि रुग्णाच्या उशाशी ठेवायचे.

हृदयाचा आलेख आवाजाच्या वाटेने

मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटतं ते इथलं काम, म्हणून जरा थांबतो.

बोलण्यासाठी बनलेला रेडिओ साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ या टप्प्यातला आवाज पुढे पाठवतो. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. पण हृदयाचे ठोके मिनिटाला ७०-८०, म्हणजे सेकंदाला एखादाच. ईसीजीच्या रेषेतले सर्वांत संथ चढउतार तर एका हर्ट्झच्याही खूप खाली असतात. ही रेषा सरळ माइकच्या तारेवर सोडली तर रेडिओ तिचा संथ भाग गिळून टाकेल. पलीकडे डॉक्टरला जे दिसेल त्याला ईसीजी म्हणता येणार नाही, आणि त्यावरून निदान करणं धोक्याचं ठरेल.

उपाय असा काढला. संचात एक शिट्टी सतत वाजत ठेवायची, साधारण १४०० हर्ट्झची. रेडिओला ती आवाजासारखीच वाटते, त्यामुळे ती सुखरूप पुढे जाते. आता ईसीजीची रेषा वर गेली की शिट्टीचा स्वर किंचित चढवायचा, खाली आली की उतरवायचा. रुग्णालयातलं यंत्र त्या चढउतारावरून मूळ रेषा पुन्हा कागदावर काढतं. रेडिओला फक्त शिट्टी ऐकू येते, डॉक्टरला हृदय दिसतं.

हॅम मंडळी हेच तत्त्व वर्षानुवर्षं वापरत आली आहेत. ते रेडिओवरून चित्रं पाठवतात तेव्हा काळ्या रंगाला १५०० हर्ट्झ, पांढऱ्याला २३०० आणि मधल्या छटांना मधले स्वर देतात. संगणकाचे संदेश पाठवताना शून्य आणि एक यांच्यासाठी १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन स्वर वापरतात. म्हणजे ईसीजीच्या शिट्टीसाठी स्वरशुद्धता जपून बनवलेला संच चित्रांसाठी आणि संदेशांसाठीही सोयीचा. या दोन जगांचं नातं इतकं जवळचं आहे.

ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी

साध्या वॉकीटॉकीत बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकता येतं. रुग्णाचा ईसीजी सलग जात असताना डॉक्टरला मध्येच ‘थांबा, पुन्हा दाखवा’ म्हणता यायला हवं. त्यासाठी पाठवणं आणि ऐकणं एकाच वेळी, एकाच अँटेनावरून व्हायला हवं. याला डुप्लेक्स म्हणतात.

हे किती अवघड आहे? लग्नाच्या मिरवणुकीत बँडवाल्याच्या कर्ण्याला कान लावून चालायचं आणि रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईची कुजबुज शब्दन् शब्द ऐकायची, इतकं. संच स्वतः कित्येक वॅट शक्ती बाहेर फेकत असतो, आणि येणारा संकेत एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असू शकतो. दोन्ही वाटा अलग ठेवणारी गाळणी म्हणजे डुप्लेक्सर. तिची एक बाजू बोलण्याची फ्रिक्वेन्सी जाऊ देते आणि ऐकण्याची अडवते. दुसरी बाजू नेमकं उलट करते. दोन फ्रिक्वेन्सींत ५ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवण्यामागे हे कारण आहे. अंतर जितकं कमी, तितकी गाळणी मोठी, जड आणि महाग.

हॅमसाठी डुप्लेक्सर ही सोन्याची वस्तू आहे, कारण त्याला रिपीटर हवा असतो. रिपीटर म्हणजे डोंगरावर किंवा उंच इमारतीवर ठेवलेला संच, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसरीवर मोठ्याने सांगतो. त्यामुळे दरीतल्या हातातल्या छोट्या संचाचं बोलणं दूरच्या गावापर्यंत जातं. पॅरामेडिकची डुप्लेक्स पेटी म्हणजे जवळजवळ तयार रिपीटरच.

धडधाकट संच भंगारात का गेले?

पहिलं कारण मोबाइल. ईसीजीची यंत्रं मोबाइलच्या जाळ्यातून बारा लीडचा (लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याचा एक कोन) पूर्ण आलेख रुग्णालयाला पाठवू लागली, तेव्हा एका लीडची रेषा शिट्टीवर पाठवण्याची गरज संपली.

दुसरं कारण कायद्याचं आहे, आणि ते कमी लोकांना ठाऊक असतं. जुने संच २५ किलोहर्ट्झ रुंदीची वाहिनी व्यापायचे. आकाशात गर्दी वाढली, म्हणून एफसीसीने १५० ते ५१२ मेगाहर्ट्झमधल्या व्यावसायिक आणि सार्वजनिक सुरक्षेच्या संचांना १ जानेवारी २०१३ पर्यंत १२.५ किलोहर्ट्झमध्ये मावायला सांगितलं. जुन्या पेट्यांना ते जमणारं नव्हतं. उत्तम चालणारे संच एका तारखेला बेकायदा ठरले.

हॅमच्या पट्ट्यांना तो आदेश लागू नाही. तिथे रुंद वाहिनी आजही चालते. ज्या दिवशी रुग्णालयाने संच काढून टाकला, त्या दिवशी तो हॅमच्या उपयोगाचा होताच.

शेजारच्या पट्ट्यात सरकणं

अमेरिकेत हॅमना ४२० ते ४५० हा पट्टा मिळालेला आहे. तिथले बहुतेक रिपीटर ४४० ते ४५० मध्ये असतात, आणि त्यांच्या जोडीतलं अंतर असतं ५ मेगाहर्ट्झ. मेड वाहिन्यांइतकंच! पेटीला वीसेक मेगाहर्ट्झ खाली आणायचं, अंतर आहे तेच ठेवायचं. असा योग क्वचित जुळतो.

खाली आणायचं म्हणजे काय करायचं? त्या काळच्या संचात फ्रिक्वेन्सी ठरवतो क्वार्ट्झचा स्फटिक, म्हणजे क्रिस्टल. तो कमी फ्रिक्वेन्सीवर कंप पावतो आणि पुढची सर्किटं तिला टप्प्याटप्प्याने पटीत वाढवतात. अनेक संचांत ही पट ३६ असते. ४६८ ला ३६ ने भागलं की बरोबर १३. म्हणजे मेड १ साठी १३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. आपल्याला ४४७ हवे असतील तर १२.४१६७ चा क्रिस्टल लागेल. ऐकण्याच्या बाजूला वेगळा क्रिस्टल, त्याचं गणित वेगळं.

क्रिस्टल बदलल्यावर मधल्या प्रत्येक टप्प्याचे ट्यून करायचे स्क्रू नव्या फ्रिक्वेन्सीला आणावे लागतात, रिसीव्हरची, म्हणजे ऐकण्याच्या बाजूची, पुढची गाळणी फिरवावी लागते आणि शेवटी डुप्लेक्सर. हे काम हवेत लहरी न सोडता करायचं: अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावायचा, जो शक्ती उष्णतेत जिरवतो. एखादा टप्पा चुकीच्या पटीवर बसला तर संच भलत्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडू लागतो आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून शेवटी स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्ती जाते ते दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासल्याशिवाय अँटेना जोडू नये, असं माझं ठाम मत आहे. हे यंत्र स्वतःकडे नसेल तर क्लबमधल्या कुणाकडे तरी असतं.

आजकाल मागणीप्रमाणे कापून घेतलेला क्रिस्टल कधीकधी संचापेक्षा महाग पडतो. म्हणून काही जण त्याच्या जागी सिंथेसायझरची छोटी पट्टी बसवतात, जी हवी ती फ्रिक्वेन्सी आकडा देऊन तयार करते. पण स्वस्त पट्टीच्या संकेतात थोडी थरथर असते, आणि संच फ्रिक्वेन्सीबरोबर ती थरथरही ३६ पट वाढवतो. डुप्लेक्समध्ये ती स्वतःच्याच कानात गोंगाट होऊन परतते. नंतरच्या काळातले, संगणकाला जोडून फ्रिक्वेन्सी भरायचे संच या बाबतीत सोपे आहेत; फक्त संचाच्या मागच्या लेबलवर लिहिलेला फ्रिक्वेन्सींचा टप्पा वाचून घ्यावा. ४५० ते ४७० साठी बनलेला प्रत्येक संच ४४० पर्यंत खाली उतरेलच असं नाही.

‘पण चिनी हँडसेट दोन-तीन हजारांत मिळतो, मग ही खटपट कशाला?’

मित्राशी गप्पा मारायला तो हँडसेट पुरेसा आहे, यात वाद नाही. फरक कळतो तो गर्दीत. मोठ्या शहरात टॉवरांच्या जंगलात स्वस्त संचाचा रिसीव्हर शेजारच्या बलवान लहरींनी दबून बहिरा होतो, कारण त्याच्या तोंडाशी पुरेशी गाळणी नसते. रुग्णवाहिकेच्या संचात ती धातूच्या पोकळ कप्प्यांची, चांगली भक्कम असते. दुसरं म्हणजे, हँडसेट काही सेकंद बोलायला बनलेला असतो. ईसीजीसाठी मिनिटंच्या मिनिटं सलग पाठवायचं म्हणून बनलेल्या संचाला उष्णता बाहेर टाकायची सवय असते. रिपीटरला हेच हवं.

आणि शिकण्याचं म्हणाल तर, ज्याने एक क्रिस्टलचा संच टप्प्याटप्प्याने ट्यून केला त्याला रेडिओ समजतो. बटणं दाबून आकडा भरणाऱ्याला रेडिओ फक्त वापरता येतो.

‘यामुळे रुग्णवाहिकांच्या बोलण्यात अडथळा येणार नाही का?’

येऊ शकतो, आणि हाच आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मेड वाहिन्या अमेरिकेत अजूनही वापरात आहेत. तिथे हॅमचा परवाना हॅमच्या पट्ट्यापुरता आहे. जुनी वाहिनी संचात शिल्लक आहे म्हणून तिच्यावर बोलण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून जबाबदार हॅम सर्वांत आधी मूळ क्रिस्टल काढून ठेवतो किंवा संगणकावरून भरलेल्या जुन्या वाहिन्या पुसून टाकतो. पाठवण्याचं बटण चुकून दाबलं गेलं तरी संचाला तिथे जाताच येऊ नये. विकणाऱ्या संस्थेनेही हे करून द्यायला हवं, असं मला वाटतं. कुणाच्या तरी आईला औषध कोणतं द्यायचं, हे डॉक्टर सांगत असताना मध्येच कुणी ‘हॅलो, टेस्टिंग’ म्हणता कामा नये.

‘संचात रुग्णांची माहिती राहिली असेल तर?’

जुन्या पेट्यांत काहीच साठत नाही. आवाज आणि शिट्टी आली, गेली. नव्या संचांत मात्र वाहिन्यांची यादी, संस्थेचे अंतर्गत क्रमांक आणि कधी गुप्त संकेतनाच्या किल्ल्या असतात. त्या हस्तांतरणाआधी नष्ट करणं हे संस्थेचं काम. हॅमला त्या किल्ल्यांचा उपयोगही नाही, कारण अर्थ लपवण्यासाठी संकेतात बोलायला हॅमच्या नियमांत बंदी आहे. तिथलं बोलणं कुणीही ऐकावं असंच असतं.

महाराष्ट्रात असं करता येईल का?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी वाट सरळ आहे: ३५ प्रश्नांपैकी २६ बरोबर आले की प्राथमिक परवाना मिळतो आणि ७० सेंटिमीटरचा, म्हणजे वर सांगितलेला पट्टा खुला होतो. तिथला संच विमानातून इकडे आणण्याचा विचार मात्र करू नये. भारतात रेडिओ संच बाळगण्याला आणि आयात करण्यालाही नियम आहेत, आणि ‘जुना आहे, भंगार आहे’ ही सबब सीमाशुल्क खात्यापुढे टिकत नाही.

शिवाय तांत्रिक अडचण आहेच. आपल्याकडे हॅमना या भागात ४३४ ते ४३८ एवढाच पट्टा आहे, एकूण रुंदी ४ मेगाहर्ट्झ. ज्याची सगळी रचना ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर उभी आहे, तो डुप्लेक्सर या पट्ट्यात मावतच नाही. संचही तीसेक मेगाहर्ट्झ खाली आणावा लागेल, जे पुष्कळदा जमत नाही. अमेरिकी व्हिडिओ पाहून इथे तसंच करायला जाणाऱ्याच्या पदरी निराशा येईल.

इथे जास्त व्यवहार्य आहे तो १४४ ते १४६ चा पट्टा. भारतातले बरेचसे हॅम रिपीटर त्यात आहेत आणि त्यांच्या जोडीतलं अंतर ०.६ मेगाहर्ट्झ आहे. १५० च्या आसपास चालणारे जुने व्यावसायिक मोटारसंच या पट्ट्यात उतरवणं तुलनेने सोपं. मात्र ते परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा परवाना असलेल्या हॅमकडून, कागदपत्रांसह घ्यावेत. त्याआधी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. प्राथमिक दर्जाला मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीची, अट नाही.

ही परीक्षा द्यायला मी शाळकरी मुलांना आग्रहाने सांगतो, आणि त्यामागे कारण आहे. आपल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका मोबाइलच्या भरवशावर धावतात. रोजच्या दिवशी ते योग्यच आहे. पण २००१ मध्ये भुजला आणि डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली, तेव्हा निरोप पोहोचवले ते हॅमनी. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क जोडून दिला.

शेवटी, ज्याच्या हाती खरंच जुना संच येईल त्याच्यासाठी एक सूचना. पेटीतली निकेल-कॅडमियम बॅटरी बहुधा मेलेली असेल आणि तिच्यातून क्षार फुटलेले असतील. कॅडमियम विषारी आहे. हातमोजे घालून ती काढा, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. मग वीजपुरवठ्यातले फुगलेले कपॅसिटर बदला, संच आधी कमी विद्युतप्रवाहाची मर्यादा लावलेल्या पुरवठ्यावर सुरू करा, आणि रिसीव्हर ऐकू लागल्याशिवाय पाठवण्याच्या बाजूला हात लावू नका.